'तुब्ली' म्हणजे नेमकं काय? एका एस्टोनियन विशेषणाची ओळख

गेल्या थंडीतली गोष्ट. एस्टोनियाची राजधानी तालिन, तिथल्या बालवाडीत कपडे बदलायच्या खोलीत माझी चार वर्षांची लेक फरशीवर फतकल मारून बसली होती आणि 'कोम्बे' अंगात चढवत होती. कोम्बे म्हणजे मानेपासून घोट्यापर्यंतचा जाड, अखंड सूट. इथे बर्फ पडलं म्हणून मुलांचं बाहेर खेळणं थांबत नाही, त्यामुळे हा सूट थंडीभर रोज घालायचा आणि रोज काढायचा. तिने डावा पाय उजव्या नळीत घातला, बाहेर काढला, पुन्हा तिथेच घातला. मग दोन्ही पाय जागेवर गेले, पण चेन पोटापाशी अडकली. मी मदतीला वाकले, तेवढ्यात बाईंनी तळहात किंचित उचलून मला थांबवलं. दोन-तीन मिनिटं गेली. लेकीने ओठ घट्ट मिटून चेन खाली घेतली, परत ओढली, आणि ती सर्रकन हनुवटीपर्यंत आली. बाई म्हणाल्या, "क्यूल सा ओलेद तुब्ली!"

त्या रात्री सांगलीला आईशी फोनवर बोलताना मी अभिमानाने सांगितलं, "बाई म्हणाल्या, किती हुशार आहेस गं तू!"

हे भाषांतर चुकलं होतं. किती चुकलं होतं ते कळायला मला काही महिने लागले, कारण हा शब्द रोज कुठे ना कुठे कानावर पडायचा आणि दर वेळी 'हुशार' त्यात बसायचा नाही. लस टोचताना न रडलेल्या मुलाला नर्स 'तुब्ली' म्हणाली. शेजारच्या काकांनी कुत्र्याला बस म्हटलं, तो बसला, तर तोही 'तुब्ली'. वरच्या मजल्यावरच्या ऐंशीच्या पुढच्या आजी रोज जिना उतरून स्वतःचं सामान स्वतः आणतात, त्यांच्याबद्दल सगळे म्हणतात, वयाच्या मानाने फार 'तुब्ली' आहेत. आणि एकदा बसस्टॉपवर एक बाई कुणाला तरी फोनवर सांगत होत्या की मी 'तुब्ली तुंद' वाट बघतेय. तुंद म्हणजे तास. तास हुशार कसा असेल?

आधी भाषेविषयी थोडं. एस्टोनियन ही साधारण ११ लाख लोकांची भाषा. फिनिश ही तिची जवळची बहीण आणि हंगेरियन लांबची नातलग. मराठीचं जर्मनशी, रशियनशी दूरचं का होईना रक्ताचं नातं आहे, कारण त्या सगळ्या इंडो-युरोपीय कुळातल्या. एस्टोनियन त्या कुळातली नाही, ती उराली कुळातली. म्हणून तिच्यातला एखादा साधा शब्दही आपल्या एका शब्दासमोर एक असा मांडता येत नाही. उच्चार मात्र मराठी जिभेला सोपा आहे. 'त' आपल्यासारखाच दाताला जीभ लावून म्हणायचा, जोर पहिल्या अक्षरावर द्यायचा, आणि 'ब' इतका हलका की तो ब आणि प यांच्या मध्ये कुठेतरी पडतो. मराठी माणूस हा शब्द पहिल्या झटक्यात बरोबर म्हणतो आणि अर्थाशी येऊन अडखळतो.

आता अर्थ. ज्याच्या वाट्याला जे काम किंवा जो प्रसंग आला, तो त्याने नेटाने आणि कुरकुर न करता निभावला, की तो माणूस तुब्ली. गाभा एवढाच. काम केवढं मोठं होतं याला महत्त्व नाही. चेन लावणं हे चार वर्षांच्या मुलीसाठी पुरेसं काम आहे, सुई टोचून घेणं हा सहा वर्षांच्या मुलासाठी पुरेसा प्रसंग आहे, आणि गुडघे दुखत असताना तीन जिने उतरणं हे त्या आजींसाठी. ज्याचं माप त्याच्या ताकदीप्रमाणे.

म्हणूनच बुद्धीसाठी तुब्ली चालत नाही. अक्कल असलेल्या, शहाण्या माणसाला 'तार्क' म्हणतात. जन्मतःच गळा गोड असलेलं मूल 'आंदेकास', म्हणजे देणगी लाभलेलं. दिसायला सुंदर ते 'इलुस'. हे सगळं माणसाला मिळालेलं असतं. तुब्ली मात्र माणसाला व्हावं लागतं, आणि तेही आज, या कामापुरतं. तेच देणगी असलेलं मूल रोज कंटाळा न करता रियाज करत असेल, तर आंदेकासच्या जोडीला तुब्लीही म्हणता येईल. माझ्या लेकीच्या बाईंनी तिच्या डोक्याचं कौतुक केलंच नव्हतं. अडकलेली चेन तिने सोडून दिली नाही, याचं केलं होतं. आईला मी सांगितलं ते भलतंच.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो 'हेआ' या शब्दाशी. हेआ म्हणजे चांगला, आणि आपल्या 'चांगला'सारखाच तो कुठेही जातो. सूप चवीला हेआ, हवा हेआ, पुस्तक हेआ. माणसाबद्दल 'हेआ इनिमेने' म्हटलं, तर तो मनाने चांगला, दयाळू. 'तुब्ली इनिमेने' म्हटलं, तर कष्टाळू, जबाबदारी उचलणारा, ज्याच्यावर काम सोपवून निर्धास्त व्हावं असा. दोन्ही एकाच माणसात असतील किंवा नसतीलही. पहाटे उठून गोठा, शेत, हिशेब सगळं एकहाती सांभाळणारा पण घरच्यांशी कधी गोड न बोलणारा माणूस आपल्याकडे गावोगाव दिसतो. एस्टोनियन माणूस त्याला बिनदिक्कत तुब्ली म्हणेल, हेआ म्हणताना मात्र थांबेल.

शाळेतही हा फरक दिसतो. इथल्या शाळांत गुण ५ ते १ अशा श्रेणीत देण्याची पद्धत आहे. ५ म्हणजे 'वॅगा हेआ', फार चांगलं, आणि ४ म्हणजे 'हेआ'. तुब्ली नावाची श्रेणीच नाही. निकालाला हेआ म्हणायचं आणि मेहनतीला तुब्ली. म्हणून गणितात ३ मिळालेल्या मुलालाही, आधीचे २ असतील आणि त्याने महिनाभर झटून अभ्यास केला असेल, तर शिक्षक मनापासून तुब्ली म्हणू शकतात, आणि त्यात खोटी समजूत घातल्यासारखं काही नसतं. मला या शब्दाची ही बाजू सगळ्यात जास्त आवडते.

मराठीत याला एक शब्द आहे का? मी बरेच दिवस शोधला. 'शाब्बास' उद्गार म्हणून जवळ येतो, पण ते विशेषण नाही. 'माझा मुलगा शाब्बास आहे' असं आपण म्हणत नाही. 'शहाणा' लहान मुलांच्या बाबतीत अगदी नेमका बसतो. सगळी भाजी संपवणाऱ्या मुलाला आपण "शहाणं गं माझं बाळ" म्हणतो, तेव्हा त्याच्या अकलेबद्दल बोलत नसतोच. पण मूल मोठं झालं की शहाणा शब्दाची धार बदलते, आणि चाळीस वर्षांच्या माणसाला शहाणा म्हटलं तर भांडण व्हायचं. 'गुणी' गोड आहे, पण त्यात आज्ञाधारकपणाची छटा जास्त आणि घामाची कमी. 'कष्टाळू'मध्ये घाम आहे, पण लस टोचून घेणारं मूल कष्टाळू नसतं. 'कर्तबगार' मोठ्या माणसांसाठी राखलेला. 'धीराचा' आजारपणात चालतो, चेन लावण्याला चालत नाही. तुब्ली या सगळ्यांच्या अंगणातून जातो. त्यामुळे भाषांतर करताना मी आता आधी विचारते, कोण, कुणाला, कशाबद्दल म्हणतंय? मग मुलाला शहाणं, सुनेला कामाची, आजारी माणसाला धीराचा, मित्राला शाब्बास रे, असं प्रसंग बघून ठरवते.

आता तो 'तुब्ली तुंद'. इथे मात्र मराठी माणसाचं काम सोपं आहे, कारण आपण नेमकं हेच करतो. "चांगला तासभर थांबले" म्हणताना तो तास काही आपल्याला आवडलेला नसतो. चांगला म्हणजे भरपूर, पुरेपूर, साठ मिनिटांहून थोडा जास्तच. तुब्ली तुंद म्हणजे अगदी तेच. 'तुब्ली पोल' म्हणजे निम्म्याहून सरस, चांगला अर्धा वाटा. 'तुब्ली' वाडगाभर सूप म्हणजे काठोकाठ भरलेला वाडगा, चव कशी का असेना. याच शब्दापासून झालेलं क्रियाविशेषण 'तुब्लिस्ति'. 'तुब्लिस्ति यूले साया' म्हणजे शंभराच्या चांगलेच वर. आणि ताटावर बसलेल्या पाहुण्याला 'तुब्लिस्ति' खा असं म्हटलं, की ते आपलं 'पोटभर जेवा' झालं.

भरपूर आणि नेटाने निभावणारा, हे दोन अर्थ लांबचे वाटतात, पण तसे नाहीत. जे अपेक्षेच्या मापाला पुरून उरतं ते तुब्ली, मग ते माणसाचं वागणं असो वा घड्याळातला वेळ. आपल्या 'भक्कम' शब्दाकडे बघा. भक्कम आधार देणारा माणूस आणि भक्कम रक्कम, दोन्ही म्हणताना आपल्याला काही वेगळं वाटत नाही.

व्याकरणाकडे वळते, आणि थोडी रेंगाळते, कारण इथे मराठी माणसाला बऱ्याच ओळखीच्या खुणा सापडतात. एस्टोनियनमध्ये लिंग नाही. मुलगा, मुलगी, कुत्रा, सगळ्यांना तुब्लीच. तो आणि ती या दोघांनाही एकच सर्वनाम, 'ता'. शहाणा, शहाणी, शहाणं असं तिहेरी ओझं वाहणाऱ्या आपल्याला ही मोठीच सवलत. पण ती सवलत विभक्तीत वसूल होते, कारण नामाच्या विभक्ती १४ आहेत आणि त्यातल्या बहुतेकींत विशेषणालाही नामाइतकाच प्रत्यय लागतो. मराठीत आपण 'चांगल्या मुलाला' म्हणतो. 'ला' फक्त मुलाला लागतो, विशेषण नुसतं वाकून 'चांगल्या' होतं. एस्टोनियनमध्ये दोघांनाही प्रत्यय हवा. पोइस म्हणजे मुलगा, आणि तुब्ली मुलाला म्हणजे 'तुब्लिले पोइसिले'. जणू आपण 'चांगल्याला मुलाला' म्हणतोय. 'तुब्लिल पोइसिल ओन कोएर' म्हणजे तुब्ली मुलाकडे कुत्रा आहे. इथे थांबून बघण्यासारखं आहे, कारण जवळ असणं दाखवायला यांनाही रोजच्या बोलण्यात वेगळं क्रियापद लागत नाही. मुलापाशी कुत्रा 'आहे', आपल्यासारखंच.

मग शेवटच्या चार विभक्ती येतात. 'पर्यंत', 'म्हणून', 'शिवाय' आणि 'सोबत' या अर्थांच्या. तिथे विशेषण प्रत्यय टाकून देतं आणि षष्ठीच्या रूपात उभं राहतं. तुब्ली मुलासोबत म्हणजे 'तुब्ली पोइसिगा'. 'गा' फक्त मुलाला लागतो. अगदी मराठीची रीत! वर्गात हा नियम आला तेव्हा बाकीचे विद्यार्थी तो पाठ करत होते. माझ्या डोक्यात 'चांगल्या मुलासोबत' कधीच जुळून गेलं होतं.

आदरार्थी बोलताना मात्र आपली सवय घात करते. एस्टोनियनमध्येही तू आणि तुम्ही आहे, 'सा' आणि 'ते'. मराठीत एका माणसाला तुम्ही म्हटलं, की विशेषणही अनेकवचनात जातं, 'तुम्ही चांगले आहात'. इथे क्रियापद अनेकवचनी होतं, विशेषण एकवचनीच राहतं. एका माणसाला 'ते ओलेते तुब्ली', आणि समोर खरोखर पाच जण असतील तरच 'ओलेते तुब्लिद'. मी शेजारच्या आजींना आदराने तुब्लिद म्हटलं, तर त्यांनी मागे वळून बघितलं, माझ्यामागे आणखी कोण उभं आहे ते.

रूपं आली म्हणजे शब्द आला असं होत नाही. कुणी कुणाला म्हणावं, ही खरी परीक्षा. तुब्ली हा शाबासकीचा शब्द, आणि शाबासकीचा हात वरून खाली येतो. आईने मुलाला, शिक्षकाने विद्यार्थ्याला, मालकाने कुत्र्याला. बरोबरीचे लोक एकमेकांना म्हणतात आणि ते मोकळेपणाचं वाटतं. पण नव्या माणसाने आपल्याहून अनुभवी माणसाला म्हटलं, तर पाठ थोपटल्यासारखं होतं. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने माझा अडलेला अहवाल रात्री बसून नीट करून दिला. मी भरल्या मनाने त्यांना म्हटलं, "वॅगा तुब्ली!" ते हसले, पण तसं हसणं आपण लहान मुलाने मोठ्यांसारखं काही बोललं की हसतो. तिथे 'आइतॅह', म्हणजे आभार, म्हणायला हवं होतं. फार तर 'हॅस्ति तेह्तुद', म्हणजे छान झालं काम. तो शब्द कामाला चिकटतो, माणसाला मापत नाही.

मोठ्या माणसांना हा शब्द कधी कधी जड होतो, याचीही इथे चर्चा होते. लहानपणापासून तुब्ली ऐकत वाढलेल्या बायका, ज्यांना कुणाला नाही म्हणता येत नाही, थकलं तरी थांबता येत नाही, त्यांच्या या अवस्थेला 'तुब्ली मुलीचा सिंड्रोम' म्हणण्याची पद्धत आहे. घरचं, नोकरीचं, सासरचं सगळं करूनही आपण कुठे कमी तर पडलो नाही ना, ही रुखरुख आपल्या घरांतल्या बायकांना समजावून सांगायला नको. जो शब्द चार वर्षांच्या मुलीला बळ देतो तोच चाळिशीत पाठीवरचं ओझं होऊ शकतो. मला हे पटतं, आणि म्हणून लेकीला तो शब्द देताना आता मी जरा बघून देते. न रडल्याबद्दल मी तो तिला देत नाही.

या शब्दाला इथे एवढं वजन का, याचा माझ्यापुरता अंदाज असा. एस्टोनियन माणूस शतकानुशतकं जर्मन बोलणाऱ्या जमीनदारांच्या वाड्यावर राबला. शेतकऱ्याला जमीनदाराच्या जमिनीशी बांधून ठेवणारी भूदासपद्धत आजच्या एस्टोनियाच्या उत्तर भागात १८१६ मध्ये संपली, दक्षिण भागात १८१९ मध्ये, पण जमीन वाड्याचीच राहिली. १९१८ मध्ये देश स्वतंत्र घोषित झाला आणि १९१९ च्या कायद्याने या मोठमोठ्या जमिनी सरकारने ताब्यात घेऊन वाटल्या. मग स्वतःच्या तुकड्यावर, लांब लांब विखुरलेल्या एकेकट्या घरांत, छोट्या उन्हाळ्यात मोठ्या हिवाळ्याची बेगमी करायची. तिथे 'तुब्ली पेरेमेस', म्हणजे नेटका घरधनी, आणि 'तुब्ली पेरेनाइने', म्हणजे आपल्या भाषेत खमकी कारभारीण, याहून मोठी पदवी कुठली असणार? शिवाय हे लोक तोंडभरून स्तुती करणारे नव्हेत. 'त्यो कीदब तेगियत', काम करणाऱ्याचं कौतुक काम करतं, अशी इथली म्हण. दुसरी त्याहून रोखठोक, 'ओमा कीतुस हाइसेब', आत्मस्तुतीला घाण वास येतो. अशा कमी बोलणाऱ्या माणसांत तुब्ली हा एक शब्द मिळाला, तरी घरापर्यंत पुरतो.

इथे आपल्या इर्जिकेसारखी एक जुनी रीत आहे, 'ताल्गुद'. एखाद्याचं काम उरकायला सगळ्या शेजाऱ्यांनी जमायचं, राबायचं आणि मग त्याच्याकडे एकत्र जेवायचं. ३ मे २००८ ला हीच रीत देशभर झाली. 'तेएमे आरा', करून टाकूया, असं नाव देऊन सुमारे ५०,००० लोक एकाच दिवशी रानांतला आणि रस्त्याकडेचा बेवारस कचरा उचलायला बाहेर पडले आणि जवळपास १०,००० टन कचरा गोळा केला. साडेतेरा लाखांच्या आसपास वस्तीच्या देशात! अशा दिवसाच्या शेवटी, हातमोजे काढताना, एकमेकांना म्हणायचा शब्द एकच, तुब्लिद. तिथे तो वरून खाली येत नाही.

राहिलं ते निरोपाचं. 'ओले तुब्ली', शब्दशः 'तुब्ली अस', अनेकांना म्हणायचं तर 'ओल्गे तुब्लिद'. फोन ठेवताना, गाडी सुटताना, परीक्षेला किंवा ऑपरेशनला जाणाऱ्याला हे म्हणतात. 'शहाण्यासारखा वाग' असा दटावणीचा सूर त्यात मुलांपुरताच. मोठ्यांना म्हटलं की त्यात 'नीट राहा' असतं, 'धीर सोडू नको' असतं, आणि तुझ्याच्याने होईल हा विश्वासही असतो. बाळाच्या बारशालाही मोठं हो आणि तुब्ली हो, असा आशीर्वाद देतात. आपल्या 'आयुष्मान हो, कीर्तिमान हो'मधली कीर्ती इथे कुणी मागत नाही.

मागच्या रविवारी सांगलीचा फोन होता. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झालेत, आणि रोजचे व्यायाम ती चुकवते अशी बाबांची तक्रार. बोलणं संपत आलं तसा लेकीने माझ्या हातातून फोन घेतला, आज्जीच्या तोंडाजवळ तोंड नेल्यासारखा पडद्याला नाक लावून म्हणाली, "ओले तुब्ली, आज्जी," आणि खेळायला पळाली.

"काय म्हणाली गं ती?" आईने विचारलं.

"नीट राहा म्हणाली," मी सांगितलं. मग जरा थांबून म्हटलं, "आणि व्यायाम चुकवू नको, हेही त्यातच आलं."